मागचा उजवा स्पीकर

क्वाबेना अदुसेईने आखलेल्या रस्त्यांवरून कुमासीच्या चारी दिशांना ट्रक धावतात. एकही ट्रक आजवर त्याच्या चुकीने नदीत गेलेला नाही. त्यामुळे आपल्याच दिवाणखान्यात पाच स्पीकर आणि एक ढोलाचा ठोकळा मांडायला अक्कल लागते, असं कुणी सुचवलं तरी त्याला तो सर्वेक्षण खात्याचा अपमान वाटत असे.

हे काम आपण अंगावर ओढून घेतलं नाही, असं अदुसेई सांगतो. ओढून घेतलं, असं त्याची बायको सेरवा सांगते. घडलं ते असं. अदुसेईच्या आजोळचं गाव ओडुमक्रोम. तिथले नाना, म्हणजे गावचे राजे, यंदा नव्या यामच्या, म्हणजे नव्या कंदाच्या, सणाला दरबारात बसू शकले नाहीत. त्यांची नजर गेल्या वर्षभरात इतकी मंदावली होती की समोरचा माणूस आहे की केळीचं झाड, एवढंच कळायचं, आणि सणाच्या दिवशी तर ते कुमासीच्या दवाखान्यात होते. दरबार त्यांच्या रिकाम्या खुर्चीभोवती भरला. खुर्चीवर मोठी छत्री धरलेली होती, छत्रीखाली कुणी नव्हतं. नंतर घरच्या बैठकीत सगळे नानांना दरबाराचं वर्णन ऐकवू लागले तेव्हा म्हातारा म्हणाला, "सांगू नका मला. ऐकून काय करू? मला त्यात बसायचं होतं."

आणि अदुसेई उभा राहिला. "नाना, मी बसवतो."

त्याला असं म्हणायला एक आधार होता. सणाच्या दिवशी त्याने त्या रिकाम्या खुर्चीभोवती पाच माईक लावून सगळा दरबार टिपला होता. समोर ढोल, उजव्या हाताला शिंगं वाजवणारे, डाव्या हाताला राजमाता आणि तिच्या बायका, मागे घरची माणसं. खुर्चीतल्या माणसाला जे जिथून ऐकू आलं असतं, ते तिथूनच ऐकू यायला हवं. नाना पुढच्या शनिवारी पुन्हा डोळे दाखवून दवाखान्यातून परतताना त्याच्या घरी थांबणार, असं ठरलं.

"आता नाक तुझं एकट्याचं राहिलं नाही," ओच्यामे बाफूर म्हणाले. "सगळ्या घराण्याचं आहे. जपून ठेव."

ओच्यामे बाफूर हे अदुसेईचे मामा. वोफा. आपल्याकडे बापापेक्षा मामा मोठा, हे लहान मुलालाही ठाऊक असतं, आणि वोफा बाफूर ते मोठ्यांनाही विसरू देत नसत. शिवाय ते नानांचे ओच्यामे. नानांशी थेट कुणी बोलत नाही. बोलायचं ते ओच्यामेशी. नाना तिथेच हातभर अंतरावर बसलेले असतात, त्यांनी सगळं ऐकलेलं असतं, तरी ओच्यामे सोन्याच्या मुठीची काठी सावरून तेच पुन्हा नानांना सांगतो. तुम्ही 'पाऊस कमी झाला' म्हणालात, तर वोफा सांगणार, 'आकाशाने यंदा आपल्या लेकरांकडे पाठ फिरवून पान चघळलं.' नानांचं उत्तरही त्याच वाटेने सजूनधजून परत येतं. ही पद्धत शेकडो वर्षं चालली आहे आणि तिच्यामुळे एकही भांडण लवकर मिटलेलं नाही, पण वाढलेलंही नाही.

तर, काम सुरू झालं. अदुसेईने कार्यालयातून कोन मोजायचं यंत्र तिपाईसकट घरी आणलं आणि गालिच्याच्या मध्यावर उभं केलं. नानांची खुर्ची जिथे येणार तिथे खडूने फुली मारली. नानांचं नाक टीव्हीकडे, हा शून्य अंश. मधला स्पीकर त्यावरच, समोरचे डावा-उजवा तिथून तीस अंशांवर, मागचे दोन एकशे दहावर. प्रत्येक जागी त्याने लाल फीत बांधलेली खुंटी ठेवली. काचेचं कपाट डाव्या मागच्या खुंटीच्या आड येत होतं, ते हलवावं लागलं. कपाटामागून तीन चमचे, मुलगी आफियाचा शाळेतला बिल्ला आणि एक उंदीर निघाला. उंदीर स्वयंपाकघराकडे गेला.

सेरवा दारात उभी राहून बघत होती. "आफियाचे बाबा, रस्ता जाणार आहे का घरातून?"

"आवाजाचा रस्ता आहे हा."

"असेल. पण नुकसानभरपाई आधी देतात."

यंत्रांची गोष्ट अशी होती. गाणी, आवाज, सगळा दरबार लॅपटॉपमध्ये. स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर सेरवाच्या भावाने हॅम्बुर्गहून पाठवलेला, दणकट आणि जुना. लॅपटॉपची तार ॲम्प्लिफायरला बसेना, ॲम्प्लिफायरची तार लॅपटॉपला बसेना. दोघांच्याही तारा बसतील असा घरात एकच सदस्य होता, तो म्हणजे टीव्ही. म्हणून लॅपटॉपने टीव्हीला सांगायचं आणि टीव्हीने ॲम्प्लिफायरला. अदुसेईला यात काहीच वावगं वाटलं नाही. मोठ्यांच्या कानावर गोष्ट थेट घालायची नसते, मध्ये कुणीतरी लागतंच. तो याच रीतीत वाढलेला होता.

त्याने दरबार लावला. समोरून ढोल धडाडले. अदुसेईने छाती फुगवली आणि मागच्या उजव्या स्पीकरला कान लावला. स्पीकर मुका होता. डावाही मुका. राजमाता, शिंगं, मागची माणसं, सगळी समोरच्या दोन डब्यांत एकमेकांच्या मांडीवर बसली होती. ॲम्प्लिफायरच्या काचेवर हिरव्या अक्षरांत आकडा होता: दोन.

त्याने तारा काढून परत लावल्या, स्पीकर अदलून बदलून बघितले, टीव्ही बंद करून चालू केला. दोन.

बातमी कुंपणापलीकडे गेली. पहिले आले शेजारचे डीकन अप्पिया. ते चर्चचं ध्वनियंत्र सांभाळतात. चर्चचं ध्वनियंत्र कोण सांभाळतं हे आख्ख्या असोक्वा वस्तीला माहीत आहे, कारण रविवारी सकाळी कुणालाच झोपू दिलं जात नाही.

"ब्रदर, आवाज वाढव," ते म्हणाले.

"डीकन, मागचे स्पीकर वाजतच नाहीत. शून्याला किती वाढवणार?"

"श्रद्धा कमी पडते." त्यांनी बटण शेवटपर्यंत फिरवलं. भिंतीवरचं लग्नाचं चित्र खाली आलं. मागचे स्पीकर मुकेच.

मग डीकननी ॲम्प्लिफायरवरची बाकीची बटणंही एकामागून एक दाबली, आणि खरोखरच पाचही स्पीकर एकदम बोलू लागले. अदुसेईच्या आनंदाला पारावारच उरला नाही. दोन मिनिटांनी उरला. पाचही स्पीकर एकच गोष्ट बोलत होते. ढोल पुढे, ढोल मागे, राजमाता चारी कोपऱ्यांत. सगळा दरबार एका पिंपात कोंबून पिंप घरंगळत सोडल्यासारखं ते वाटत होतं.

"बघ," डीकन घाम पुसत म्हणाले. "देव देतो." ते गेल्यावर अदुसेईने सगळी बटणं पूर्ववत केली. पुन्हा दोन.

दुसरे आले मिस्टर तेत्ते. हे मूळचे अक्राचे, विमा कंपनीतून निवृत्त, आणि आमच्या रहिवासी मंडळाचे चिटणीस. त्यांना तारांत रस नव्हता.

"मिस्टर अदुसेई, नियमाप्रमाणे घरात दोन स्पीकर. त्यावर गेले तर तो कार्यक्रम. कार्यक्रमाची नोंद लागते."

"मग करा नोंद."

"माझ्याकडे दोनच प्रकार आहेत. प्रार्थनासभा किंवा अंत्यविधी."

"राजाची भेट आहे हो!"

"तो प्रकार नाही. प्रार्थनासभेला पाद्रीसाहेबांची सही लागेल, ते गावाला गेलेत. अंत्यविधीला काही लागत नाही. दुःखात आम्ही अडवत नाही."

अदुसेईच्या डोक्यात त्या वेळी फक्त तो हिरवा दोन होता. "काय हवं ते लिहा," तो म्हणाला. शहाण्या माणसाने हे वाक्य चिटणिसासमोर कधी उच्चारू नये.

शनिवारी दुपारी पाहुणे यायच्या बऱ्याच आधी वोफा बाफूर तपासणीला आले. त्यांनी काठी टेकवत खोलीला फेरी मारली. ठोकळ्यापाशी थांबले.

"हे नानांच्या पायाशी गुरगुरणार?"

"ढोलांचा खालचा आवाज त्यातून येतो, वोफा."

"नानांच्या पायाशी आमच्या घराण्यात फक्त पादुका असतात. हलव." ठोकळा हलला. "आता बोलव तुझ्या माणसांना एकेकाला."

म्हणजे तपासणीचा आवाज. यंत्र एकेका स्पीकरला हाक मारतं आणि तो आपला ठिकाणा सांगतो. त्या बिचाऱ्या दोन डब्यांकडून अदुसेईने निदान तेवढं करून दाखवलं. समोरचा डावा आधी बोलला, मग उजवा. वोफांनी डोळे मिटले, जणू कुणीतरी त्यांच्या कानाखाली वाजवली होती.

"डावीकडून? बैठकीत शिरल्यावर माणूस उजवीकडून नमस्कार करत जातो की डावीकडून? याला कुणी वळण लावलं नाही?"

"जगभर हा डावीकडूनच सुरू होतो, वोफा."

"म्हणून जगाचं हे असं झालंय. आणि मागचे दोघे का गप्प? नानांच्या मागे माझी जागा. मागे सामसूम असेल तर नानांना वाटेल, घराणं उठून गेलं."

इथे अदुसेईचा संयम संपला. चार दिवसांचा डीकन, चिटणीस, उंदीर आणि हिरवा दोन, सगळं एकदम वर आलं.

"कारण हा टीव्ही तुमच्यासारखा आहे, वोफा! मी लॅपटॉपमधून सहा गोष्टी सांगतो. हा त्या ऐकतो, समजून घेतो, आपल्या मनाने शिजवतो आणि पुढे दोनच वाढतो! जे सांगितलं ते जसंच्या तसं सांगायला काय जातं?"

सेरवाच्या हातातलं पेल्यांचं तबक थांबलं. मामाला असं बोलणारा भाचा ओडुमक्रोमच्या आठवणीत नव्हता.

वोफा खुर्चीत बसले. काठीच्या मुठीवर त्यांनी अंगठा फिरवला. मग बोलले ते अगदी हळू.

"क्वाबेना, उत्तरेकडचे पाहुणे आले होते नानांकडे, तू लहान होतास. त्यांची भाषा मला एक अक्षर येत नाही. दुभाष्या वाटेत आजारी पडलेला. त्यांच्या म्हाताऱ्याने लांबलचक काहीतरी सांगितलं. मी काय केलं? अक्षर न् अक्षर, श्वासासकट, जसं ऐकलं तसं नानांपुढे ठेवलं. नानांनी तरुणपणी तिकडे व्यापार केलेला. त्यांना सगळं कळलं. तो पाहुणा म्हातारा रडला." त्यांनी भाच्याकडे पाहिलं. "जे मला कळतं ते मी सजवतो. तो माझा हक्क आहे. जे कळत नाही त्याला मी बोटही लावत नाही. समजलं? आता सहा गोष्टी सांगतो म्हणे. मामाला टीव्ही म्हणतो."

पण अदुसेई कुठे ऐकत होता? तो तोंड उघडं टाकून टीव्हीकडे बघत होता.

"वोफा," तो म्हणाला, "म्हणजे याला कळायलाच नको!"

त्याचं गणित सरळ होतं. लॅपटॉप आतापर्यंत सहा आवाज मोकळे करून टीव्हीच्या ओटीत घालत होता. टीव्हीला दोनच कान, म्हणून तो ते दोनात मिसळत होता. तेच सहा आवाज लॅपटॉपमध्येच एका गाठोड्यात बांधले आणि गाठ अशी मारली की ती फक्त ॲम्प्लिफायरला सुटेल, तर टीव्हीला त्यातलं काही कळणार नाही, आणि तो ते बिनबोभाट पुढे देईल. अदुसेईने लॅपटॉपमध्ये बांधायची खूण केली. टीव्हीच्या सेटिंगच्या यादीत खोल कुठेतरी 'जसंच्या तसं पुढे पाठवा' अशा अर्थाची ओळ होती, ती निवडली. ॲम्प्लिफायर टकटकला. काचेवरचा हिरवा दोन गेला आणि पाच दिवे ओळीने लागले, सहावा ठोकळ्याचा.

त्याने स्वतःच्या हाताने, उजवीकडून सुरुवात करून, एकेकाला हाक मारली. समोरचा उजवा. मधला. समोरचा डावा. मागचा डावा. मागचा उजवा. प्रत्येकजण आपापल्या खुंटीवरून बोलला.

"आता नमस्कार नीट झाला," वोफा म्हणाले. आपण काय केलं हे त्यांना कळलं नव्हतं, पण आपणच केलं याबद्दल शंका नव्हती.

सगळा दरबार एकदा तरी शेवटपर्यंत ऐकून घ्यावा, असं अदुसेईच्या मनात आलं होतं. तेवढ्यात फाटकाशी शिंग वाजलं. नाना आले.

आणि त्यांच्या मागोमाग शेजारी आले. काळ्या आणि लाल कापडांत, खांदे पाडून. तेत्तेंनी नोंद फलकावर लावली होती: अदुसेई यांच्या घरी अंत्यविधी, शनिवार. डीकन अप्पियांनी सेरवाचे दोन्ही हात धरले आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "ड्युए, सिस्टर, ड्युए." सांत्वनाचा हा शब्द ऐकून सेरवाने नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेने खरोखरच एक अंत्यविधी झाला असता.

जिवंत राजासमोर शोकाची वस्त्रं! वोफांचा चेहरा राखेसारखा झाला. देवाची कृपा एवढीच की नानांना रंग दिसत नव्हते. पण कान शाबूत होते.

"ओच्यामे," खुर्चीत बसता बसता नाना म्हणाले, "विचार, इथे कोण गेलं?"

वोफांनी भाच्याकडे पाहिलं. भाच्याने मरता मरता उत्तर शोधलं. "सांगा... जुना स्टीरिओ गेला."

वोफांनी काठी सावरली. "नाना, या घरात एक जुना चाकर होता. त्याला दोनच शब्द यायचे. आयुष्यभर त्याने ते इमानाने सांगितले. आज त्याच्या जागी पाच भाऊ आलेत, म्हणून शेजारी त्याला निरोप द्यायला जमलेत."

"चांगले शेजारी आहेत," नाना म्हणाले.

शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांना माल्टचं गोड पेय आणि जोलोफ भात मिळाला आणि कुणाचीच तक्रार राहिली नाही.

अदुसेईने दरबार सुरू केला.

आधी समोरून ढोल बोलले. नाना ताठ बसले. मग उजवीकडून शिंगं, आणि नानांचा उजवा हात आपोआप थोडा उचलला गेला, जसा दरबारात उचलतात. डावीकडून राजमातेचा खोकला आला.

"अजून औषध घेत नाही ही," नाना डावीकडे वळून पुटपुटले. मग त्यांचे ओठ हलू लागले. ढोल पूर्वजांची नावं घेत होते आणि नाना एकेका नावाला मान झुकवत होते. नेमकी तिकडे, जिकडून ते येत होतं. खोलीत माल्टचे पेले थांबले. डीकन अप्पियांना पहिल्यांदाच आवाज वाढवावासा वाटला नाही. अदुसेई भिंतीला टेकून उभा होता. आपण आयुष्यात पुष्कळ रस्ते आखले, पण हा पहिलाच, ज्यावरून एक म्हातारा माणूस घरी परत गेला.

टिपलेल्या दरबारात वोफांचं खुर्चीसमोर उभं राहून केलेलं भाषण सुरू झालं. नेहमीप्रमाणे उंच, गोल, वळणावळणाचं. खोलीतले वोफा स्वतःचंच भाषण ऐकून प्रसन्न झाले.

आणि मागच्या उजव्या स्पीकरमधून, अगदी स्वच्छ, एक आवाज आला:

"झालं, वोफा सुटले. एका वाक्याचं लग्न लावतात आणि बारसंही उरकून घेतात. नाना असते ना, तर एव्हाना त्यांचा डोळा लागला असता. नेहमीसारखा."

त्यावर कुणीतरी खुसखुसलं. तो अदुसेईचा मावसभाऊ यॉ, जो त्या दिवशी आवाज टिपायचं यंत्र धरून खुर्चीमागे उजवीकडे उभा होता. आणि बोलणारा? बोलणाऱ्याचा आवाज खोलीतल्या प्रत्येकाला ओळखू आला, कारण तो घराच्या मालकाचाच होता.

दोन डब्यांच्या घोळक्यात हे वाक्य ढोलांखाली गाडलं गेलं होतं. टीव्हीने ते इमानाने चार दिवस दाबून ठेवलं होतं. आज कळलं नाही म्हणून जसंच्या तसं पुढे दिलं.

सेरवाने दरबार थांबवला. खोली इतकी शांत झाली की स्वयंपाकघरातला उंदीर ऐकू आला.

नाना हळूहळू वळले. मान पुरली नाही, म्हणून खांदा वळवला, खांदाही पुरला नाही, म्हणून खुर्चीत बसल्या बसल्या कमरेतून फिरले, आणि आपले मंद डोळे त्यांनी मागच्या उजव्या स्पीकरवर रोखले.

"ओच्यामे."

"नाना."

"माझ्या मागे उजवीकडे जो उभा आहे, त्याला सांग. मी झोपत नाही. मी डोळे मिटून ऐकतो."

सगळ्यांच्या नजरा वोफांवर खिळल्या. आता आकाश येणार होतं, लेकरं येणार होती, निदान एक म्हातारा सिंह तरी येणारच होता. वोफा उठले. त्यांनी काठी उजव्या हातात धरली. भाच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. स्पीकरपुढे जाऊन उभे राहिले आणि त्याला म्हणाले,

"नाना म्हणतात, मी झोपत नाही. मी डोळे मिटून ऐकतो."

आणि जाऊन बसले. श्वासासकट तेवढंच. एक अक्षर जास्त नाही.

नानांचे खांदे हलायला लागले. आधी कुणाला कळेना की हे हसणं आहे. मग शोकवस्त्रातली सगळी असोक्वा हसायला लागली, चिटणीससुद्धा.

"पुढचं लाव," नाना डोळे पुसत म्हणाले. हे ते थेट अदुसेईला म्हणाले, मध्ये ओच्यामे न घेता, आणि वोफांनी न ऐकल्यासारखं केलं.

सेरवा नवऱ्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. त्याचे कान जास्वंदीसारखे लाल झाले होते, पण तो खाली बघत नव्हता. एक डोळा बारीक करून तो नानांच्या नाकाकडे बघत होता, जे अजूनही मागच्या उजव्या स्पीकरकडेच होतं.

"आता काय बघताय? लाज नाही वाटत?"

"वाटते ना," अदुसेई कुजबुजला. "पण बघ. एकशे दहा. बरोब्बर एकशे दहा अंश."